माघीला, बाबांच्या जागी

आषाढात आमच्याकडचा शेतकरी गुडघाभर चिखलात असतो. लावणी टाकून पंढरपूर कोण गाठणार? म्हणून कोकणातले बरेच माळकरी माघीची वारी करतात. बाबाही माघीचेच. यंदा देवगडहून दिंडीत मी निघाले, त्यांचे टाळ घेऊन.

जामसंडे सुटेपर्यंत खारा वारा अंगावर होता. पुढे मोहोरलेल्या आंब्याच्या बागा, फवारणीचा उग्र वास. शिरगाव, नांदगाव, मग फोंडाघाट. टाचांचं सांगत नाही. त्या सगळ्यांच्याच सोलवटतात.

घाटाच्या पायथ्याशी एका आजोबांनी विचारलं, "बापूस गेलो तेव्हा जवळ कोण होता?"

"मी होते."

"सांग."

डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर बाबांची खाट माजघरात घातली. आधी पावलं गार पडली, मग गुडघे. रात्री घशात घरघर सुरू झाली आणि माझं धाबं दणाणलं. गावातल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, गिळायची ताकद गेली की घशात लाळ साचते, तिचा हा आवाज. ऐकणाऱ्यालाच त्याचा जास्त त्रास होतो. त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं, आवाज उतरला. मग श्वासात खंड पडू लागले. बराच वेळ काहीच नाही, की एकदम दोन-तीन भराभर. शेजारची काकी उशाशी बसलेली. "सुकती लागली काय सुटतले," ती म्हणाली. सुकती म्हणजे ओहोटी. "तू बोलत रव गो. कानांक शेवटपर्यंत ऐकाक येता."

काय बोलणार? हरिपाठ म्हणायला लागले. मध्येच अडखळले तर बाबांचे ओठ हलले. मला तरी तसं दिसलं. पहाटे तुळशीच्या पानाने ओठांवर पाणी सोडलं. त्यानंतरचा श्वास आलाच नाही. माझ्या जन्मापासून त्यांच्या कपाळावर बघत आलेली उभी आठी तेवढ्यात पुसली गेली होती. कर्ज, बाग, आम्ही पोरं, सगळं त्या आठीत असायचं. तिच्याशिवायचा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. रडू नंतर आलं, तेव्हा नुसतं हलकं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

आजोबा बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "माझी म्हातारी मुंबयत हॉस्पिटलात गेली. मी काचेच्या भायर उभो होतंय."

दाजीपूर येईस्तोवर त्यांनी दोनदा विचारलं, आठी गेली ती नक्की कधी, आधी की मागाहून. मी दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं.