शनी पळाला

"अरे धर धर, पळाला बघ तो!"

काल रात्री गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून खालच्या मजल्यावरच्या आजी ओरडल्या. शनी निसटला होता. मी नळी किंचित ढकलून परत आणला. दीडेक मिनिटात पुन्हा, "गेला रे!"

माझी दुर्बीण सहा इंची आरशाची, डॉब्सोनियन प्रकारची. मोटर नाही, हातानेच सरकवायची. १० मिमीची आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावली की १२० पट मोठं दिसतं, पण आकाशाचा तुकडा एवढासा, अख्खा चंद्रही मावत नाही. म्हटलं, "आजी, तो नाही पळत. आपली पृथ्वी फिरतेय."

यावर त्यांनी मला नळीला हातच लावू दिला नाही. गुडघ्यावर हात टेकून वाकून बघत राहिल्या. शनी एका कडेकडून दुसरीकडे सरकत गेला आणि दिसेनासा झाला. नुसता काळोख उरला तरी डोळा काढला नाही.

"एवढ्या जोरात फिरतोय आपण? मला तर जिना चढला तरी चक्कर येते."

हसलो खरा, पण झोपताना डोक्यात तेच. सहा महिने मोटरवाल्या माउंटसाठी, म्हणजे ग्रहामागे दुर्बीण आपोआप फिरवणाऱ्या स्टँडसाठी, पैसे साठवतोय, कारण ही सरक म्हणजे मला वैताग. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं, मार्कही मिळाले. पण ती फिरताना मी शेवटची कधी पाहिली होती?

आज सकाळी आजी जिन्यात भेटल्या. "इतकी वर्षं शनिवारी तेल घालतेय त्याला, इतका देखणा असेल असं वाटलं नव्हतं हो. आज परत येऊ का?"