लायडनची भिंत आणि वाकलेला प्रकाश

नेदरलँड्समधील लायडन शहराच्या मध्यवस्तीत बूरहाव्हे संग्रहालयाच्या विटांच्या भिंतीवर आइन्स्टाइन यांचे गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्र-समीकरण मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. या देशात संशोधनासाठी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, भाजीच्या पिशव्या सायकलला अडकवून परतताना, मी ते पाहिले. समीकरणात लॅम्डा हे अक्षर आहे, म्हणजे गुरुत्वाच्या ओढीविरुद्ध विश्वाला बाहेर ढकलणारा वैश्विक स्थिरांक, आणि सोबत सूर्याजवळून जाताना वाकणाऱ्या प्रकाशकिरणांचे चित्र आहे. प्रकाशाच्या अशा वाकण्यावरून त्या अक्षराची किंमत कशी काढायची, हाच माझ्या प्रबंधाचा विषय.

लायडनचे आणि या अक्षराचे नाते जुने आहे. १९१७ साली आइन्स्टाइन यांनी विश्व स्थिर राहावे म्हणून लॅम्डा समीकरणात आणला आणि त्याच वर्षी येथील खगोलशास्त्रज्ञ विलेम डी सिटर यांनी, द्रव्य मुळीच नसले तरी लॅम्डाच्या जोरावर विश्वाचे एक वेगळेच रूप संभवते, हे दाखवले. महायुद्धाच्या धामधुमीत आइन्स्टाइन यांचा सिद्धांत इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्यापर्यंत पोहोचला तोही डी सिटर यांच्यामार्फतच, आणि १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टन यांनी प्रकाशाचे वाकणे मोजले. पुढे १९३२ मध्ये आइन्स्टाइन आणि डी सिटर या दोघांनी मिळून लॅम्डाविना विश्वाचे प्रारूप मांडले. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले, तेव्हा टाकून दिलेले अक्षर परत घ्यावे लागले.

येथील कालव्याकाठच्या जुन्या घरांना अजूनही कुठे कुठे हाताने घडवलेल्या काचा आहेत. त्यांतून पाहिले की समोरच्या भिंतीतील विटांच्या सरळ रांगा किंचित लहरतात आणि त्या लहरींवरून काच कुठे जाड आहे याचा अंदाज बांधता येतो. विश्वात काचेच्या जागी आहे बहुतांशी अदृश्य असे कृष्णद्रव्य आणि विटांच्या जागी आहेत दूरच्या दीर्घिका. अडचण अशी की दीर्घिका विटांसारख्या एकसारख्या नसतात. त्या मुळातच लांबट, चपट्या, तिरक्या असतात आणि गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे वाटेतल्या द्रव्याने प्रकाश वाकवल्यामुळे, त्यांच्या आकारात पडणारा फरक जेमतेम एक टक्क्याचा असतो. एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही, म्हणून कोट्यवधींची सरासरी घ्यावी लागते.

दीर्घिकांचे आकार टिपणाऱ्या ज्या किलो-डिग्री सर्वेक्षणाची खुली माहिती मी वापरतो, त्याची निरीक्षणे २०११ ते २०१९ या काळात चिलीतील पारानाल येथील २.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतली गेली. अंतिम विश्लेषणात १,३४७ चौरस अंश आकाश आहे, म्हणजे साडेसहा हजारांहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे, आणि त्यात सुमारे ४ कोटी १० लाख दीर्घिका आहेत. (बाबा फोनवर विचारतात, “दुर्बिणीतून आज काय दिसलं?” मी दुर्बिणीला अजून डोळा लावलेला नाही, आणि लायडनच्या ढगांखाली लावून उपयोगही नाही.) वातावरण आणि आरसे यांमुळे येणारी विकृती खऱ्या परिणामाहून मोठी असते. ती ओळखण्यासाठी बिंदुवत दिसायला हव्यात अशा ताऱ्यांच्या प्रतिमा तपासतात. दीर्घिकांची अंतरे नऊ रंगपट्ट्यांतील तेजस्वितेवरून काढतात. हे अंतराचे काम सर्वांत नाजूक आहे, आणि माझे बहुतेक दिवस त्यातच जातात.

अंतरांचे महत्त्व असे. दीर्घिकांचे अंतरानुसार थर पाडले की कोणत्या काळी द्रव्य किती गुठळ्यांत साकळले होते हे उलगडते. लॅम्डा जितका प्रभावी, तितके हे साकळणे अलीकडच्या काळात मंदावते. मात्र केवळ या पद्धतीने लॅम्डा थेट हाती येत नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. नेमकेपणाने मोजली जाते ती द्रव्याची घनता आणि गुठळ्यांचे प्रमाण यांची एक संयुक्त राशी, एस-आठ. अवकाश सपाट आहे असे मानले आणि इतर मापनांची जोड दिली, की विश्वाच्या एकूण ऊर्जेतला द्रव्य वगळून उरलेला वाटा लॅम्डाचा ठरतो. विश्वाच्या आरंभकाळातील प्रकाश मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या मापनांनुसार तो सुमारे ६८ टक्के आहे.

हीच राशी काही वर्षे वादात होती. प्लांकच्या निरीक्षणांवरून एस-आठ सुमारे ०.८३ असायला हवी होती, तर या सर्वेक्षणाच्या आधीच्या विश्लेषणात ती ०.७६ च्या आसपास येत होती. लॅम्डाच्या प्रारूपातच खोट असावी, असे अनेकांना वाटू लागले, आणि खरे सांगायचे तर नव्या विद्यार्थ्याला तशी आशाही वाटते. मार्च २०२५ मध्ये अंतिम निकाल आला तो ०.८१५, प्लांकशी जुळणारा. अधिक आकाश, सुधारलेली आकारमापने आणि मुख्यतः अंतरांची नव्याने केलेली पडताळणी यांमुळे आकडा सरकला. असे विश्लेषण करताना खऱ्या मापनांसोबत मुद्दाम बदललेल्या आवृत्त्याही ठेवतात आणि खरी कोणती हे काम संपेपर्यंत करणाऱ्यालाही कळू देत नाहीत, त्यामुळे आकडा ओढूनताणून जुळवला असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

त्याच मार्च महिन्यात, दीर्घिकांचे नकाशे करणाऱ्या डेसी प्रकल्पाने कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाला वेग देणारे ते जे काही आहे ते, काळानुसार बदलत असावी, म्हणजे लॅम्डा कदाचित स्थिरांक नसावाच, असे संकेत दिले. ते संकेत अद्याप निर्णायक नाहीत. जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युरोपीय अवकाश संस्थेची यूक्लिड दुर्बीण वातावरणाच्या अडथळ्याविना सुमारे १४,००० चौरस अंश आकाश टिपणार आहे, आणि त्या संस्थेचे ज्या नोर्डवाइक गावी तंत्रकेंद्र आहे, ते येथून सायकलने गाठता येते. मी सध्या माझ्या तिसऱ्या थरातील दीर्घिकांची अंतरे पुन्हा तपासतो आहे.