नऊ इंचाला एक पीळ

बायको काट्यावर खसखस मोजत होती. मधेच म्हणाली, "तुझा तो तळघरातला बंदुकीच्या दारूचा काटा याच्यापेक्षा बारीक मोजतो का रे?"

म्हटलं, हो. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत. एक ग्रेन म्हणजे पासष्ट मिलिग्रॅमला थोडं कमी, त्याचा दहावा भाग.

"आणि इतकं मोजून तीन वर्षांत हरणं किती आणलीस?"

एक.

पार्श्वभूमी सांगतो. मी मूळचा सावंतवाडीकडचा. भोसरीत अकरा वर्षं टूलरूममध्ये काढली आणि आता विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीच्या पश्चिमेला, एका कारखान्यात तेच काम करतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात आमचा शॉप गणपतीतल्या कोकणी माणसांच्या ऑफिससारखा दिसतो. अर्धी माणसं रजेवर, उरलेली मनाने रजेवर. शेजारच्या मशीनवरच्या मित्राने मला पहिल्यांदा नेलं. रीतसर प्रशिक्षण घेतलं, परवाना काढला, केशरी जॅकेट आणलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. मग वाइल्डकॅटचं वेड लागलं.

वाइल्डकॅट म्हणजे कुठलाच कारखाना खोक्यात भरून विकत नाही असं काडतूस. प्रचलित काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची किंवा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, बदलायचा, काडतूस बसायचं त्या मापाचं घर नळीत कापून घ्यायचं आणि मग प्रत्येक काडतूस घरी बसून भरायचं. आज दुकानात सहज मिळणारी कितीतरी काडतुसं आधी अशीच रानमांजरं होती. .२२-२५० ला रेमिंग्टन कंपनीने १९६५ साली घरात घेतलं, .२५-०६ ला १९६९ साली. माझं .२५७ रॉबर्ट्स त्याहून जुनं. नेड रॉबर्ट्स या गृहस्थाने ७×५७ मॉझरची मान पाव इंचाच्या गोळीसाठी आवळली आणि त्यावरून रेमिंग्टनने १९३४ साली ते बाजारात आणलं. पुढे पी. ओ. अ‍ॅक्ली या बंदूकमिस्त्रीने त्याच पुंगळीचं अंग सरळ केलं आणि २० अंश ४५ मिनिटांचा खांदा ४० अंशांचा केला. त्याने दारू जरा जास्त मावते. या अ‍ॅक्लीच्या अवताराला अजून कारखाना मिळालेला नाही. मी तोच धरला.

दुकानात सहज मिळणाऱ्या काडतुसाची, ६.५ क्रीडमूरची, बंदूक का नाही घेतली, असं मित्राने चार वेळा विचारलं. उत्तर एकच, हौसेला मोल नसतं. शिवाय एक जुनी ९८ मॉझरची अ‍ॅक्शन, म्हणजे नळीमागचा बोल्ट बसतो तो भाग, माझ्या हाती लागली होती आणि तिच्या मॅगझीनमध्ये ही काडतुसं ऐसपैस बसतात.

आता नळी. सगळे आधी नळी निवडतात, मीही तेच करणार होतो. २६ इंच लांब, जाड, दिसायला तोफ. नशीब, ऑर्डर टाकण्याआधी मुलीने ताटात वाढलेल्या मांसाबद्दल विचारलं, "यात शिसं असतं का?" २००८ साली शेजारच्या मिनेसोटात दानात आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले होते, ते मी तिच्या विचारण्यावरून वाचलं. म्हणून गोळी ठरली ती अखंड तांब्याची, १०० ग्रेनची. आणि गोळी ठरल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं, कारण नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पन्हळी, गोळीच्या वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते.

हिशोब १८७९ सालचा आहे, ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, लांबीने भागा. ०.२५७ चा वर्ग ०.०६६, त्याची दीडशेपट ९.९. म्हणजे इंचभर लांबीच्या गोळीला साधारण दहा इंचात एक फेरा हवा. रॉबर्ट्सच्या नळ्या वर्षानुवर्षं दहाच्याच येतात, त्यात नवल नाही. माझी गोळी इंचाहून जरा लांब. जुना हिशोब सावध आहे, आजच्या वेगाला दहाचा पीळही चालून जातो. पण चालून जाण्यावर टूलरूमच्या माणसाला झोप लागत नाही. मी नऊ सांगितला. हल्ली १३० ग्रेनच्या वरच्या लांबुळक्या गोळ्यांसाठी साडेसात-आठचा पीळ घेतात, लांबवर मारणाऱ्यांना तो लागतो. माझ्या रानात दीडशे यार्डांपलीकडे झाडंच दिसतात.

लांबी २३ इंचांवर आणली. मचाणाच्या शिडीवरून २६ इंची नळी चढवून बघा, मग कळेल. पोलाद साधं क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं, ४१४०. भोसरीत जवळपास त्यालाच आम्ही ईएन-१९ म्हणायचो. स्टेनलेसची नळी जास्त लोक घेतात, मला काळं केलेलं पोलाद आवडतं, बाकी कारण नाही.

आणि पीळ कापलेला हवा होता. नळीत पीळ पाडायच्या दोन मुख्य रीती. एकीत कार्बाइडचं बटण नळीतून ओढतात, धातू दाबला जाऊन पीळ उमटतात. दुसरीत आकडीसारखी एकच धार नळीतून पुन्हा पुन्हा फिरवतात, दर फेरीत नावापुरता कीस निघतो. अचूक नळ्या दोन्ही रीतींनी होतात. पण क्रीगर आणि बार्टलाइन हे कापून पीळ पाडणारे दोघंही आमच्याच राज्यातले, आणि अशा मशीनबद्दल वाचताना मला भोसरीतला जुना शेपर, धातू रंधणारं मशीन, आठवायचा. पाव इंचाचं भोक, त्यात दर बाजूला साडेतीन थाऊ, म्हणजे इंचाचे साडेतीन हजारांश, खोल पन्हळ. शाबास.

नळी बसवायला चाळीस मैलांवरचा एक वयस्क बंदूकमिस्त्री गाठला. तो कुरकुरला, मॉझरचा आटा अमेरिकी नाही म्हणून. व्यास १.१ इंच, इंचाला बारा आटे, कोन साठ नाही, ५५ अंश. व्हिटवर्थ! मी जवळजवळ उडालोच. बीएसडब्ल्यूचे, म्हणजे याच ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचे, आटे कापत तर माझं पहिलं वर्ष गेलं होतं. टूल मीच घासून दिलं. तो खूश, मी त्याहून खूश, आणि त्या आनंदात मुख्य गोष्ट विचारायची राहिली.

अ‍ॅक्लीच्या घराची खुबी ही की त्यात कारखान्याचं साधं रॉबर्ट्सही झाडता येतं. बार उडाला की पुरी फुगावी तशी पुंगळी घराच्या आकाराची होते आणि बाहेर पडते ती नवा खांदा घेऊन. पण त्यासाठी साधं काडतूस मान आणि खांद्याच्या सांध्यावर किंचित दाबून बसायला हवं. म्हणून घर मूळ गेजपेक्षा, म्हणजे घराची लांबी तपासायच्या मापापेक्षा, चार थाऊ आखूड ठेवतात. चार थाऊ, म्हणजे केसाहून थोडंच जास्त. मिस्त्रीने रॉबर्ट्सचं गेज जसंच्या तसं लावलं होतं.

पहिल्या वीस पुंगळ्या छान फुगल्या. सुबक, तीक्ष्ण खांद्याच्या. फोटोही काढले. मग एकीच्या बुडाच्या जरा वर चकाकती कडी दिसली. कागदाची पिन सरळ केली, टोक वाकवलं आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून फिरवलं. कडीपाशी टोक अडकलं. आतून पितळ ताणून पातळ झालं होतं. अजून एक-दोनदा भरून उडवली असती तर पुंगळी तिथेच तुटली असती आणि तापलेला वायू माझ्या तोंडाकडे आला असता. वीसच्या वीस चिमट्याने चेपून भंगारात टाकल्या. मिस्त्रीने वाद घातला नाही. नळी एक आटा, म्हणजे इंचाचा बारावा भाग, मागे घेतली आणि घर पुन्हा कापलं. पैसे घेतले नाहीत. या वेळी गेज लावताना मी शेजारी उभा होतो.

दारू मी एच-४३५० घेतली. तोडलेल्या शेवयांसारखे बारीक काळे तुकडे. प्रयोग जुलैत करायचे, तीस अंशांत, आणि चाप ओढायचा नोव्हेंबरात, उणे दहात. थंडी-उन्हाने जिचा जोर फार बदलत नाही अशी दारू हवी, ही तशी आहे. किती ग्रेन भरली ते इथे लिहिणार नाही, विचारूही नका. मूळ रॉबर्ट्सला ५४,००० पीएसआय दाबाची मर्यादा ठरलेली आहे, या अवताराला अशी कोणी ठरवून दिलेली नाही. माझ्या घरात जे सुखाने चालतं ते तुमच्या घरात बोल्ट चिकटवेल. पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढलो. एका पायरीवर बोल्ट उचलताना हाताला जरा जड लागला आणि प्राइमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीची, कड सपाट दिसली. दीड ग्रेन खाली आलो. तिथे शंभर यार्डांवर तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या. साध्या रॉबर्ट्सपेक्षा वेग सेकंदाला शंभरेक फूट जास्त. हरणाला यातला फरक कळत नाही, हे मला माहीत आहे.

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. वानर आणि डुकरं पिटाळायला. दारू घालायला बांबूच्या पेराचं एक माप होतं. मी एकदा चिमटीने घालायला गेलो तेव्हा हातावर फटका बसला. "दारू मापान घालूची, मनान न्हय!" त्यानंतर दारू, चिंधी, गज. बार फुसका गेला तर दिवसभर बोलत नसत.

हरीण मिळालं ते गेल्या नोव्हेंबरात, हंगामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला. सत्तर पावलांवर. एक गोळी, वीसेक यार्ड धावलं आणि ओढ्याच्या काठी पडलं. मित्राच्या आजोबांच्या जुन्या .३०-३० बंदुकीनेही तेच झालं असतं. मित्राने ते तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं. मालवणी मसाला घालून सागोती केली, मुलीने दोनदा घेतली.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. नळी दाखवली, पीळ समजावला, पुंगळीचा खांदा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दारू किती घातलेली?"

ग्रेनमध्ये सांगितलं.

"ता म्हणजे आजोबांच्या मापान किती?"

ते अजून काढायचं आहे. पेर वरच्या फळीवर असेल म्हणाले, दिवाळीला साफसफाई करताना बघतील.