शेडवरचे पत्रे आणि ठेकेदाराची पोरं

मे महिना लागला की नागपूरच्या आसपास बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, सगळ्या कारखान्यांच्या भागात एकच घाई सुरू होते, पावसाच्या आधी शेडचे पत्रे बदलायचे. मागच्या पावसाळ्यात जिथे गळलं तिथे मशीनवर प्लॅस्टिक टाकून दिवस काढलेले असतात, मालकाला जून लागायच्या आत छप्पर धड पाहिजे असतं, मेंटेनन्सवाला कोटेशन मागवतो, तीन ठेकेदार येतात, खाली उभं राहून वर बघतात, स्क्वेअर फुटाचा रेट देतात आणि सगळ्यात कमी रेटवाल्याला काम मिळतं. मी सेफ्टीमध्ये आहे आणि माझं ठाम मत आहे की वर चढणाऱ्या पोराचं काय होणार हे बरंचसं इथेच, खरेदीच्या टेबलावर ठरून जातं, तो गेटवर यायच्या किती तरी आधी.

कारण त्या रेटमध्ये काय असतं? पत्रे, ते पक्के करायचे जे-हूक, मजुरी, जुना माल उतरवणं, बस. पत्र्यावर टाकायच्या फळ्या नाहीत, खाली बांधायची जाळी नाही, माणसाने स्वतःला अडकवायची दोरी, म्हणजे लाइफलाइन, नाही. मग कामाच्या दिवशी गेटवर आपण लाइफलाइन मागतो तेव्हा ठेकेदार म्हणतो, "साहेब, या रेटमध्ये ते कुठून आणू?" आणि तो खोटं नाही बोलत, खरंच बसत नाही. ज्याने या सगळ्याचे पैसे धरले होते त्याचा रेट जास्त आला म्हणून त्याला तर आपणच परत पाठवलेलं असतं. आमच्याकडे बरीच भांडणं झाल्यावर आता बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या आणि रकमेच्या यादीत, सेफ्टीच्या ओळी वेगळ्या असतात, फळ्या, जाळी, लाइफलाइन, सुपरवायझर, सगळ्याची रक्कम आम्हीच लिहून देतो आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, काढताना ती बाजूला ठेवतो, म्हणजे सगळ्यांना सारखीच. ठेकेदाराने ते आणलं, लावलं, आम्ही बघितलं, तरच ते बिल पास. फायनान्सवाले आधी खूप नाराज होते पण आता तेच विचारतात की सेफ्टीची ओळ टाकली ना.

आता छपराचं थोडं सविस्तर सांगतो कारण हे लोकांना माहीतच नसतं. जुन्या शेडला सिमेंटचे पत्रे असतात आणि उजेडासाठी मधेमधे फायबरचे पारदर्शक पत्रे. नवे असतात तेव्हा फरक लगेच कळतो. पण दहा-बारा वर्षं नागपूरचं ऊन खाऊन आणि वरून धूळ बसून तो फायबरचा पत्रा पिवळा, मग राखाडी होतो आणि वर उभं राहिलं तर सिमेंटचा कोणता आणि फायबरचा कोणता हे डोळ्याला कळत नाही. खालून मात्र स्वच्छ दिसतं कारण उजेड येतो, म्हणून खाली उभ्या असलेल्या आपल्याला वाटतं की त्यालाही दिसत असेल. वर जाऊन बघा एकदा. आणि सिमेंटच्या पत्र्याचाही भरवसा नाही, बोल्टच्या ओळीवरून, म्हणजे खाली पर्लिन, पत्र्याला आधार देणारा आडवा दांडा, आहे तिथून चाललं तर धरतो असं समजतात, पण जुना झाला की तोही कुठेही तडकतो. म्हणून पत्र्यावर थेट पाय ठेवायचाच नाही, फळी किंवा पत्र्यावर आडवी ठेवायची शिडी, म्हणजे क्रॉलिंग लॅडर, टाकायची, ती दोन पर्लिनवर टेकलेली पाहिजे आणि माणूस एकावर उभा असताना दुसरी पुढे सरकवता यावी म्हणून कमीत कमी दोन पाहिजेत. आम्ही काम सुरू व्हायच्या आधी खालून बघून फायबरच्या प्रत्येक पत्र्याचा नकाशा काढतो आणि मग वर त्या जागांवर लाल रिबन लावून घेतो. त्याहून चांगलं म्हणजे माणसाला वर नेणारी लिफ्टची गाडी आत जात असेल तर काम खालूनच करायचं, वर कोणी चढायचंच नाही.

"हार्नेस दिला आहे ना" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, दिला, पण अडकवला कुठे? साधा हिशोब करा, लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेली दोरी, जवळपास दोन मीटर, पडल्यावर झटका कमी करणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडून आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांब होऊ शकतो, त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा धरली तर पायाजवळ हूक लावलेल्या माणसाला खाली सहा-साडेसहा मीटर जागा लागते. तुमचं शेड पाच मीटरचं असेल तर पट्टा ताणायच्या आधी तो जमिनीवर आलेला असतो. आणि लटकला तरी त्याला काही मिनिटांत उतरवावं लागतं, पट्ट्यात लटकून पायातलं रक्त वर येत नाही, त्यातही जीव जातो. मग उतरवणार कसं, कोण, कशाने, हे परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, आधी लिहा, फक्त अँब्युलन्सचा नंबर लिहून भागत नाही.

त्यात आपलं ऊन. मेमध्ये ४५ च्या वर पारा गेला की पत्र्याला हात लावता येत नाही. आणि ठेकेदाराची पोरं बहुतेक नवीन असतात, कोणी कालच बालाघाटवरून आलेला, कोणी लग्न आटोपून गावावरून परत. उन्हाचा झटका बसायचा सगळ्यात जास्त धोका याच सुरुवातीच्या दिवसांत असतो कारण शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा साधा नियम आहे की अगदी नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्केच द्यायचं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. इथे उलट चालतं, नव्याला पहिल्याच दिवशी वर चढवतात कारण तो नाही म्हणत नाही. आमच्याकडे छपराचं काम सकाळी सहाला सुरू आणि साडेदहाला बंद, मग कोणीही काही म्हणो. एक मुकादम मला म्हणाला, "भाऊ, हे पोट्टे वर्षानुवर्षं हेच काम करून राहिले, त्यांना काय होते?" मी त्याला सावलीत बसवलं आणि विचारलं की यातला कोणता पोरगा मागच्या वर्षी तुमच्याकडे होता ते दाखवा. एकच निघाला.

कायद्याचं म्हणाल तर "तो ठेकेदाराचा माणूस आहे" हे म्हणून कोणी सुटत नाही. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ मध्ये कामगाराच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला होता आणि भोपाळनंतर १९८७ मध्ये जी दुरुस्ती झाली त्यात ऑक्युपायरवर, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेल्या मालकावर, आरोग्य आणि सुरक्षेची जबाबदारी आणखी स्पष्ट टाकली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कँटीन, पाणी, फर्स्ट एड आधी ठेकेदाराने द्यायचं आणि त्याने नाही दिलं तर मूळ मालकाने, असं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, जी या दोन्ही कायद्यांच्या जागी आली, या सोयी थेट मूळ मालकानेच द्यायच्या आहेत. मला हे फार बरं वाटलं कारण मी अशा जागा पाहिल्यात जिथे कंपनीची माणसं कूलरचं पाणी पितात आणि ठेकेदाराची पोरं बाहेर टाकीच्या नळाचं.

परमिटबद्दल एकच सांगतो. ६ जुलै १९८८ ला पायपर अल्फा नावाच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, काम पूर्ण झालं नाही म्हणून तिथे नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावून ठेवली, आणि रात्रपाळीला हे पोचलंच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला, तिथून गॅस गळला आणि स्फोट झाला. कागद होता, सही होती, पण ज्याला कळायला पाहिजे त्याला कळलं नाही. म्हणून ठेकेदाराचं काम संध्याकाळी अर्धवट राहिलं तर मुकादमाने आणि आमच्या शिफ्ट इनचार्जने दोघांनी त्या जागेवर उभं राहून बोलायचं, फोनवर नाही. छपराचंही तसंच, अर्धा उघडा भाग राहिला आणि रात्री कोणी गटर साफ करायला चढला तर? शिडीच काढून कुलपात ठेवायची.

आणि पेटी ठेकेदार, म्हणजे ठेकेदाराचा ठेकेदार! पीओ, म्हणजे कामाची ऑर्डर, एकाच्या नावाने, काम दुसऱ्याकडे, माणसं तिसऱ्याने आणलेली, आणि पोरांना विचारलं तर मालकाचं नाव सांगता येत नाही. यावर आम्ही कडक झालोय, लेखी परवानगीशिवाय पुढे काम द्यायचं नाही आणि गेट पास ज्याच्या नावाने त्याच्याच ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, यादीत तो माणूस पाहिजे. इंडक्शन, म्हणजे नव्या माणसाला आधी सगळं समजावणं, हिंदीत, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतः हार्नेस घालून दाखवायचा, रजिस्टरवर अंगठा घेऊन मोकळं व्हायचं नाही.

शेवटचं, दंड. हेल्मेट नाही, पाचशे रुपये. कागदावर हा दंड ठेकेदाराला असतो पण कापला जातो पोराच्या हजेरीतून, आणि मग पोरं आपल्याला बघून हेल्मेट घालतात आणि काही घडलं तर लपवतात. मी हे बंद करायला लावलं. आता दंड ठेकेदाराच्या बिलातून, आणि मजुरीतून कापला असं कळलं तर त्याचं पुढचं कामच नाही. याचा फायदा दिसतो. मागच्या महिन्यात एक हेल्पर, अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, स्वतःहून माझ्याकडे आला आणि म्हणाला की परांचीची एक फळी खालून तडकली आहे. मी त्याच्यासोबत जाऊन पाहिली, वरून काहीच दिसत नव्हतं, खालून गाठीपाशी वीतभर चीर. काम थांबवून फळी बदलली, दुसऱ्या दिवशी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच्या छोट्या बैठकीत, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं आणि मुकादमाला सांगितलं की काम बंद होतं तो अर्धा तास कोणाच्याच हजेरीतून कापायचा नाही.