पजामा सॅमची सीडी आणि ‘लॅपटॉप नवीन घ्या की साहेब’

सीडी खराब नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं ती गेल्याचं मला छातीठोकपणे सांगितलं होतं.

‘पजामा सॅम’ हा १९९६ चा गेम, अमेरिकेतल्या ह्युमंगस एंटरटेनमेंटचा. अंधाराला घाबरणारा सॅम एका रात्री अंधारालाच पकडायला कपाटात शिरतो. आत झाडं त्याची टॉर्च, मुखवटा आणि डबा काढून घेतात, आणि जिथंतिथं क्लिक करत ते परत मिळवायचं. पावसाळ्यात लाइट गेली की आमची पोरगी घर डोक्यावर घेते, म्हणून मला हाच गेम हवा होता.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, तेव्हा मित्राचा यूएसबीवाला आणला. सेटअपवर डबल क्लिक केलं, तर ‘हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही’ अशी पाटी. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (म्हणजे प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर असल्यासारखा चालवायची सोय) विंडोज ९५ निवडलं, तरी तीच पाटी.

म्हणून दुकानात गेलो. आधी ‘ठेवून जावा’. मग ‘बघणारा पोरगा बाहेर गेलाय’. मग ‘उद्या फोन करतो’. फोन काही आला नाही, मीच गेलो. काउंटरवर सीडी कव्हराशिवाय, वर चार्जरची वायर पडलेली. "डिस्क गेलीया साहेब. आणि आता असलं गेम कोण खेळतंय? मोबाइल द्या की पोरीला." एवढं बोलून त्यांनी नव्या लॅपटॉपचे हप्ते समजावायला घेतले, वर तपासणीचे पैसे मागितले. मी तिथंच ड्राइव्ह जोडून सीडी उघडली. सगळ्या फायली दिसत होत्या, कॉपीही होत होत्या. "मग गेली काय नेमकं?" तर म्हणाले, "विंडोजला चालत नाही म्हणजे गेलीच की!" पैसे दिले नाहीत.

खरं कारण साधं आहे. त्या काळचे बरेच सेटअप १६-बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या विंडोजसाठी लिहिलेले, आणि आताचं ६४-बिट विंडोज १६-बिटचं काही चालवतच नाही. मोड कितीही बदला, फरक पडत नाही. एवढं एक वाक्य कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझं डोकं शांत राहिलं असतं.

तेव्हा सेटअपच्या नादाला लागूच नका. जुने गेम चालवणारा स्कमव्हीएम नावाचा फुकटचा प्रोग्रॅम २००१ पासून आहे, तो उतरवून घ्या. सीडीवरच्या ‘पजामा’ नावाच्या सगळ्या फायली (एचई०, एचई१ अशा शेपटीच्या) एका फोल्डरमध्ये टाका, स्कमव्हीएममध्ये ‘अ‍ॅड गेम’ करून ते फोल्डर दाखवा. शेपटी दिसत नसेल तर विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दाखवायची खूण करा. आमचा गेम लगेच सुरू झाला. आणि हो, सगळ्यात आधी सीडीची पूर्ण कॉपी काढून ठेवा, दुकानात द्यायच्या आधी तर नक्कीच.

गेम इंग्रजीत बोलतो, पण वाचावं लागत नाही. शेजारी बसून मी मराठीत सांगत होतो. ऑटो नावाची लाकडी होडी पाण्याला घाबरते, लाकूड बुडतं अशी तिची समजूत. पोरगी तिच्यावर डाफरली, "अगं, रंकाळ्यात एवढ्या बोटी आहेत, एक तरी बुडली का?" शेवटी फळी पाण्यावर तरंगवून दाखवली तेव्हा कुठं होडी हलली.

नवीन खेळ सुरू केला की वस्तूंच्या जागा बदलतात, त्यामुळे नेटवरची उत्तरं तंतोतंत जुळतीलच असं नाही. एस्केप दाबलं की मधला सीन पुढं सरकतो; आमच्याकडे ते बटण दाबायला सक्त मनाई आहे. अँड्रॉइड टॅबवरही स्कमव्हीएममध्ये हेच फोल्डर चालतं, पण ही गोष्ट मी घरात अजून कुणाला सांगितलेली नाही.