माझा अनुभव: ऑफिसच्या नेटवर्कसाठी व्हीलॅन आणि सबनेट ठरवताना

आमच्या संस्थेचं अख्खं नेटवर्क एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात होतं, १९२.१६८.१.०/२४ मध्ये (/ नंतरचा आकडा जितका लहान तितका गट मोठा). कॉम्प्युटर, प्रिंटर, आयपी फोन, कॅमेरे, सर्व्हर आणि वर पाहुण्यांचे मोबाईलसुद्धा. २५४ पत्ते संपले की कुणाच्या तरी लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता (कुणी दिला नाही की मशीन स्वतःच घेतं तो) यायचा आणि फोन यायचा की नेट बंद आहे. त्यात एका विभागात कुणीतरी वायफाय राऊटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावला, तोही डीएचसीपीने (मशिनांना आपोआप पत्ते द्यायची पद्धत) पत्ते वाटायला लागला, आणि ज्याला त्याच्याकडून पत्ता मिळाला त्याचा गेटवेच (नेटवर्कबाहेर जायचं दार) बदलला. त्यानंतर वरून होकार आला की एकदाचं सगळं नीट करून घ्या.

अशा वेळी बरेच जण आधी सबनेट कॅल्क्युलेटर उघडतात. मी आधी कोण कुणाशी बोलतं ते लिहून काढलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं. फायरवॉलचा नियम (कुणाला कुठे जाऊ द्यायचं तो) वेगळा असेल तर व्हीलॅन (त्याच स्विचांवर आखलेलं वेगळं नेटवर्क) वेगळा, नुसता विभाग वेगळा आहे म्हणून नाही. सेल्स आणि परचेसला लागणारे सर्व्हर तेच, परवानग्याही त्याच, मग दोन व्हीलॅन कशाला? कॅमेऱ्यांना मात्र फक्त रेकॉर्डरशी बोलायचंय, इंटरनेटशी त्यांचं काही काम नाही. असं करत करत सर्व्हर, स्टाफ, अकाउंट्स, फोन, कॅमेरे, प्रिंटर, गेस्ट आणि स्विच आणि एपी (वायफायचे अॅक्सेस पॉइंट) यांच्या मॅनेजमेंटचा एक, एवढेच उरले. ८०२.१क्यू या व्हीलॅनच्या स्टँडर्डमध्ये आयडीला १२ बिट असतात त्यामुळे १ ते ४०९४ नंबर मिळतात, पण मिळतात म्हणून वापरायचे असं थोडंच आहे. व्हीलॅन १ मुद्दाम रिकामा ठेवला, कारण नवीन स्विच खोक्यातून काढला की सहसा सगळे पोर्ट त्यातच असतात आणि कुणी तो तसाच जोडला तर तो थेट आपल्या मशिनांमध्ये यायला नको.

मग रेंज. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदाने खाजगी वापराला १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ दिलेत. १९२.१६८ सोडलं ते व्हीपीएनमुळे (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा टनेल). घरच्या राऊटरवर बहुतेक वेळा १९२.१६८.०ची किंवा १९२.१६८.१ची सिरीजच असते, ऑफिसची पण तीच असली की घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपला वाटतं सर्व्हर इथेच घरात आहे आणि पॅकेट टनेलमध्ये जातच नाही. १७२.१७ डॉकर (अॅप्स वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) आपणहून घेऊन बसतो, म्हणून तिकडेही गेलो नाही. मुख्य ऑफिसला १०.२०.०.०/१६ घेतलं, पुढच्या शाखेला १०.२१, म्हणजे एका शाखेचा एकच रूट.

आता खरी गंमत नंबरांची. तिसरा आकडा आणि व्हीलॅन आयडी एकच ठेवायचा हे पक्कं होतं, लॉगमध्ये पत्ता दिसला की लगेच कळतं मशीन कुठलं ते. पण सवयीने सगळे १०, २०, ३० असे नंबर देतात आणि सबनेट वाढवायची वेळ आली की अडकतात. /२२ हा चारच्या पटीवरच सुरू होतो, म्हणजे १०.२०.३०.० ला /२२ लावलं तर ते होतं २८ ते ३१, सुरुवातच बदलते. म्हणून मी आठच्या पटीत गेलो, ८, १६, २४, ३२ असं. प्रत्येकाला आत्ता /२४ दिलं तरी उद्या सुरुवात न हलवता /२१ पर्यंत वाढवता येतं, फक्त मास्क (/ नंतरचा आकडा) बदलायचा. स्टाफला सुरुवातीलाच १०.२०.२४.०/२३ दिलं, ५१० पत्ते, कारण एका माणसामागे एक पत्ता हा हिशोब आता चालत नाही, लॅपटॉप वायरवर पण असतो, वायफायवर पण असतो, शिवाय मोबाईल.

राऊटिंग, म्हणजे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पाठवायचं काम, कोअरच्या (मधल्या मुख्य) लेअर ३ स्विचवर ठेवलं, गेस्ट आणि कॅमेऱ्यांचे गेटवे मात्र फायरवॉलवर नेले, कारण तिथे वेगापेक्षा नियम महत्त्वाचे. डीएचसीपीची विनंती ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेली) असते, ती व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, म्हणून प्रत्येक गेटवेवर रिले (विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणारा) लावला. रिले आपला पत्ता त्या विनंतीत भरतो, त्यावरून सर्व्हरला कळतं कुठल्या स्कोपमधून (पत्त्यांच्या साठ्यातून) पत्ता द्यायचा. सोबत डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, आता बाहेरचा राऊटर लावला तरी त्याचे पत्ते पुढे जात नाहीत. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणारी स्विचमधली लिंक) लागतील तेवढेच व्हीलॅन सोडले आणि नेटिव्ह व्हीलॅन (टॅग नसलेलं ट्रॅफिक ज्यात जातं तो) दोन्ही टोकांना सारखा आहे ना ते प्रत्येक लिंकवर स्वतः बघितलं.

तक्रारी आल्या त्या प्रिंटरच्या. मोबाईल प्रिंटर शोधतो एमडीएनएसने (त्याच नेटवर्कमधल्या उपकरणांना हाक मारायची पद्धत), २२४.०.०.२५१ वर, आणि ते राऊटर ओलांडत नाही. कॉम्प्युटरसाठी प्रिंट सर्व्हर केला, मोबाईलसाठी वायफाय कंट्रोलरवरचं एमडीएनएस गेटवे चालू केलं, तेही फक्त स्टाफ ते प्रिंटर एवढंच.

हलवताना आधी गेस्ट, मग कॅमेरे, मग मजल्यामजल्याने स्टाफ. आदल्या दिवशी लीज टाईम (मिळालेला पत्ता किती वेळ चालतो ते) कमी करून ठेवला की मशिनं लवकर नवीन पत्ता घेतात. स्विचचं मॅनेजमेंट सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक स्विचवर काम सुरू करायच्या आधी दहा मिनिटांनी रीलोड व्हायचा टायमर लावायचा, कॉन्फिग सेव्ह करायचं नाही. कनेक्शन तुटलं तर तो आपोआप जुन्या कॉन्फिगवर उठतो, नवीन पत्त्यावर लॉगिन झालं की टायमर रद्द करायचा, सेव्ह करायचं आणि पुढच्या स्विचकडे जायचं.