स्वयंपाकघराला जुनेपण देताना

कपाटाच्या दाराचा रंग कधीही सगळीकडून सारखा उडत नाही. तो मुठीच्या भोवती आधी विटतो, कारण घाईत बोटे मुठीऐवजी दारालाच लागतात; खालच्या कडेला पाय आणि झाडू लागून टवके उडतात; सिंकखालच्या दारावर ओघळलेल्या पाण्याने लाकूड काळवंडते; आणि छतालगतच्या कपाटांवर मात्र वर्षानुवर्षे धुळीपलीकडे काहीच घडत नाही. झिजेला असा एक हिशेब असतो. मुद्दाम जुनी केलेली स्वयंपाकघरे जेव्हा फसतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते की, हा हिशेब न मांडता प्रत्येक दाराच्या चारही कडा एकाच मापाने घासून ठेवलेल्या असतात. मग जिथे कुणाचा हात पोहोचतच नाही तिथेही झीज दिसते, आणि पाहणाऱ्याला काय खटकले ते सांगता आले नाही तरी खटकते खरे.

मला या शैलीचे वावडे नाही. घरातल्या सर्वाधिक राबत्या खोलीत बोटाचा ठसाही सोसू न शकणारी चकचकीत दारे बसवण्यापेक्षा, चार ओरखडे पोटात घालणारा पृष्ठभाग मला केव्हाही अधिक समंजस वाटतो. मात्र जुने दिसणे आणि चांगल्या रीतीने जुने होत जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि स्वयंपाकघरात खर्च व कष्ट दुसरीवर करावेत असे माझे मत आहे.

रंगाच्या कामात सर्वांत रुळलेली पद्धत दोन थरांची आहे. आधी खालचा रंग देतात, तो वाळल्यावर जिथे झीज दाखवायची तिथे मेण चोळतात, आणि मग वरचा रंग चढवतात. मेणावर तो नीट धरत नसल्यामुळे पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की तेवढाच निघून येतो. दुधातील केसीन आणि चुना यांपासून बनणारा पारंपरिक रंग तर जुन्या, गुळगुळीत पृष्ठभागावर दिला की स्वतःहूनच पापुद्रे सोडतो. शोभेच्या कपाटावर ते सुंदर दिसते, परंतु जिथे अन्न उघडे ठेवले जाते त्याच्या वर पापुद्रे सुटणारा रंग असू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. ब्रिटिश रंगतज्ज्ञ अ‍ॅनी स्लोन यांनी 1990 मध्ये बाजारात आणलेल्या खडूसारख्या निस्तेज रंगामुळे हे काम घरच्या घरी करणे सोपे झाले. मात्र त्यावर सहसा दिला जाणारा मेणाचा थर उष्णतेने मऊ पडतो आणि साबणाच्या पाण्याने निघत जातो, म्हणून शेगडी आणि सिंक यांच्या जवळपास मेणाऐवजी पाण्यावर आधारलेले, चमक नसलेले व्हार्निश वापरावे. तेलावर आधारलेले व्हार्निश कालांतराने पिवळे पडते आणि फिकट रंगाचा सगळा तोल बिघडवते.

रंगाला मुद्दाम भेगा पाडण्याची युक्तीही सर्वत्र दिसते. दोन रंगांच्या मध्ये गोंदासारखा थर दिला की वरचा रंग वाळून आकसताना त्यावर सरकतो आणि तडकतो. ब्रश एकाच दिशेने फिरवला तर भेगाही लांबट पडतात. चित्राच्या चौकटीवर हे शोभते. स्वयंपाकघरात तेलाची वाफ त्या भेगांमध्ये जाऊन बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि काही काळाने जे दिसते त्याला जुनेपण म्हणत नाहीत, कळकटपणा म्हणतात. मी ही युक्ती स्वयंपाकघरापुरती पूर्णपणे वर्ज्य मानतो. त्यामानाने खाचांमध्ये काळसर तपकिरी पारदर्शक रंग भरून वरचा पुसून घेण्याची पद्धत निरुपद्रवी आहे, परंतु तिला दारावर खरी चौकट आणि कोरीव कडा लागते; सपाट दारावर ती केवळ मळलेली दिसते.

इथे एक अडचण आहे जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग, एका उंचीची, एका मापाची कपाटे ही कल्पनाच जुनी नाही. ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये रचलेले फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर हे तिचे मूळ रूप मानले जाते, साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब अशी ती आटोपशीर रचना त्या शहराच्या गृहनिर्माण योजनेत सुमारे 10,000 घरांत बसवली गेली. त्याआधीच्या स्वयंपाकघरांत सुटे टेबल, सुटे कपाट, सुटी मांडणी असे सामान असे, आणि ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी घडवलेले असे. त्यामुळे सलग कपाटांच्या संपूर्ण रांगेवर एकच घासलेला रंग चढवणे म्हणजे जी वस्तू जुन्या काळी नव्हतीच तिला जुनी करणे होय. एखादे कपाट रांगेपासून वेगळे काढून त्याची उंची बदलली, त्याला पाय दिले आणि रंग निराळा ठेवला, तर चारही कडा न घासताही पुष्कळ काम होते. बाकीची रांग साध्या, निस्तेज रंगात ठेवली तरी ती त्या एका कपाटाच्या आधाराने उभी राहते.

रंगाखाली काय आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कारखान्यात जुने करून येणारी अनेक दारे एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीवर, छापील पापुद्रा चिकटवून केलेली असतात, आणि त्यांवरची झीज म्हणजे झिजेचे छायाचित्र असते. ती गाठ, तो ओरखडा काही अंतरावर पुन्हा जसाच्या तसा भेटतो. खरा घोटाळा पुढे होतो: कडेतून पाणी शिरले की एमडीएफ फुगते, पापुद्रा सुटतो आणि खालून भुसकट तपकिरी पाटी बाहेर येते. असे दार जुने होत नाही, नुसते बिघडते. भरीव लाकडावरचा रंग उडाला तर खाली लाकूडच असते. ओकसारख्या टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असलेल्या लाकडाला अमोनियाच्या वाफेत ठेवून गडद करण्याची पद्धत मला यासाठीच आवडते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव स्टिकली यांच्या फर्निचरच्या कारखान्याने ती लोकप्रिय केली. त्यात रंग वर बसत नाही, तर लाकडातील टॅनिनशी प्रक्रिया होऊन लाकूडच आत काही खोलीपर्यंत बदलते, त्यामुळे बारीक ओरखड्यातून फिकट रेघ डोकावत नाही. ती वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असल्यामुळे हे काम जाणकारावरच सोपवावे. लोखंडाचा कीस शिरक्यात मुरवून केलेले पाणीही अशाच लाकडाला काळसर करते आणि त्यात धोका पुष्कळ कमी असतो.

जुन्या इमारतींतून काढलेले खरे लाकूड वापरायचे असेल तर आधी त्यावरचा रंग तपासून घ्यावा. पूर्वीच्या रंगांत शिसे सर्रास असे. अमेरिकेत घरगुती रंगांतील त्याच्या वापरावर 1978 मध्ये बंदी आली. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. हीच सावधगिरी खऱ्या जुन्या नळांच्या बाबतीत बाळगावी: यंत्रावर कातणे सोपे जावे म्हणून पितळेत शिसे मिसळले जात असे, म्हणून असे नळ पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत.

धातूंच्या बाबतीत मात्र हा सगळा विषय फार मजेदार होतो, कारण इथे खोटे करण्याची गरजच नसते. लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, न दिलेले पितळ हवेत आपोआप मंदावते, तपकिरीकडे झुकते, आणि जिथे हात रोज लागतो तिथे उजळ राहते. म्हणजे मुठीच्या मध्यभागी सोने आणि टोकांना सावली, असे जे दृश्य कारागिराला रंगवून आणावे लागते ते वापरातूनच मिळते. लॅकर दिलेले पितळ दीर्घकाळ नवे दिसते, पण लॅकर एका जागी उडाले की तिथेच डाग धरू लागते आणि ते सारे उतरवल्याशिवाय सारखे करता येत नाही. रसायनांनी काळवंडवलेले पितळ किंवा ब्राँझ हाही केवळ पृष्ठभागावरचा बदल असतो. जोर लावून घासणारा कुणी घरात असेल तर तो काळेपणा महिन्याभरात नाहीसा होतो, म्हणून तशा घरासाठी निर्वात भट्टीत चढवलेला कठीण थर असलेले नळ घ्यावेत, मग त्यांत सजीवपणा थोडा कमी असला तरी चालेल. तांब्याच्या सिंकमध्ये लिंबाचा रस किंवा शिरका सांडला की तिथला तपकिरी थर विरघळून गुलाबी ठिपका उमटतो, जो काही दिवसांत पुन्हा मावळतो. ज्यांना असा ठिपका पाहून झोप लागणार नाही त्यांनी तांब्याच्या वाटेला जाऊ नये.

ओट्याच्या दगडालाही हाच नियम लागतो. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे आम्लाने त्याचा पृष्ठभागच खरवडला जातो, आणि दगडात मुरणारे संरक्षक द्रव्य लावले तरी हे थांबत नाही. ते द्रव्य डाग शोषले जाणे रोखते, आम्लाची प्रक्रिया नव्हे. चकचकीत संगमरवरावर असा निस्तेज ठिपका डोळ्यांत भरतो, तर मुळातच चमक न आणलेल्या संगमरवरावर असे शेकडो ठिपके एकमेकांत मिसळून जातात. सोपस्टोन मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर उठतात, पण आम्ल त्याचे काही बिघडवू शकत नाही आणि ओरखडा बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. पिंपात फिरवून कडा बोथट केलेल्या दगडी फरशा जमिनीवर उत्तम. ओट्यावर त्यांच्या सांध्यांत पीठ अडकत राहते.

शेगडीमागे डागाळलेला आरसा लावण्याचीही पद्धत आहे. खऱ्या जुन्या आरशात ओल कडांमधून आत शिरते, म्हणून काळे ठिपके कडेला दाट आणि मध्ये विरळ असतात. बनवलेल्या आरशात ते बहुधा सगळीकडे सारखेच शिंपडलेले असतात. तो घ्यायचाच असेल तर काच उष्णतेसाठी कडक केलेली आहे ना, हे आधी विचारावे.

काम सुरू करण्यापूर्वी कारागिराकडून हातभर लांबीची पट्टी नव्हे, तर एक पूर्ण दार त्याच रंगात, त्याच लाकडात, मूठ बसवून तयार करून घ्यावे. ते सिंकजवळ उभे करावे, ओल्या हातांनी उघडबंद करावे, त्यावर तेल सांडून साबणाने पुसावे, एक कोपरा मुद्दाम आपटून पाहावा, आणि त्या कोपऱ्यातून काय डोकावते ते पाहूनच बाकीच्या दारांना होकार द्यावा.